लेथसंधिप्रकरण, अर्थात एका लेथचा चक दुसऱ्या लेथवर चढवण्याचे व्याकरण

विषयनिर्णय

मानवजातीपुढचे मोठे प्रश्न मोठ्या माणसांनी आधीच वाटून घेतले असल्यामुळे प्रस्तुत प्रबंधकाराच्या वाट्याला लहान प्रश्न आले. त्यांपैकी हा एक: एका लेथसाठी बनलेला चक, सेंटर, स्टेडी किंवा टूलपोस्ट दुसऱ्या लेथला बसवता येतो काय, आणि येत असल्यास बसवणाऱ्याचे पुढे काय होते? या विषयावर आजवर पुष्कळ चिंतन झाले आहे. पण ते सगळे तेलकट हातांनी, उभ्या उभ्या आणि चहा येईपर्यंतच्या अवधीत झाल्यामुळे त्याला शास्त्राची प्रतिष्ठा लाभलेली नाही. ती उणीव येथे भरून काढण्याचा संकल्प आहे.

प्रश्न उद्भवतो कसा, ते प्रथम पाहू. कारखाना बंद पडतो तेव्हा पुष्कळदा लेथ एका लॉटमध्ये जातो आणि त्याच्या मागच्या रॅकवरचे चक, फेसप्लेटी, स्टेड्या दुसऱ्या लॉटमध्ये जातात. लेथ घेणारा तो चालवायला घेतो. रॅक घेणारा किलोच्या भावाने घेतो. मग त्या रॅकवरचा आठ इंची चक पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी गोणपाटावर मांडलेला दिसतो, नाहीतर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर एखाद्या दुकानाच्या पायरीशी. त्याचा लेथ तोवर राज्याबाहेर गेलेला असतो. प्रत्येक वर्कशॉपमध्ये न बसणाऱ्या वस्तूंचे एक कपाट का असते आणि ते मालक कोणाला उघडू का देत नाही, याचा उगम हा असा आहे.

परिभाषेबद्दल थोडे. ज्याचे तीन जबडे एकाच चावीने एकदम सरकतात त्याला वर्कशॉपमध्ये ट्रू चक म्हणतात; ज्याचे चार जबडे स्वतंत्रपणे सरकवावे लागतात त्याला डॉग चक. प्रबंधात हीच नावे वापरली आहेत, कारण अधिक शुद्ध नावे वापरल्यास टर्नरला प्रबंध कळणार नाही आणि पंडिताला चक कळणार नाही.

पद्धतीबद्दल आणखी थोडे. दोन वर्ण शेजारी आले की काय होते, याचा विचार पाणिनीने करून ठेवला आहे. दोन कंपन्या शेजारी आल्या की काय होते याचा केलेला नाही. पण त्याची अवजारे त्या कामालाही पुरतात. जुळवणीत काही गळून गेले तर तो लोप. मधे काही नवे येऊन बसले तर तो आगम. एकाला हुसकावून त्याच्या जागी दुसरे आले तर तो आदेश. आणि दोघे शेजारी येऊनही काहीच न घडता जसेच्या तसे राहिले, तर तो प्रकृतिभाव. आगम मित्रासारखा येतो आणि आदेश शत्रूसारखा, असे वैयाकरण मानतात. परके उपांग लेथला बसवण्याचे याहून वेगळे मार्ग नाहीत. वेल्डिंग हा आणखी एक मार्ग आहे असे काहींचे मत आहे. ते येथे विचारात घेतलेले नाही.

पूर्वपक्ष

पूर्वपक्षी म्हणतो: जगात प्रमाणीकरण झालेले असताना हा प्रश्न मुळात उरतोच कसा? नट कोणाचाही घ्या, बोल्ट कोणाचाही घ्या, बसतोच की. मग चकालाच काय झाले?

उत्तर असे की प्रमाणीकरण झाले, हेच तर कारण आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे आट्यांच्या एकरूपतेवर निबंध वाचला. तोवर प्रत्येक वर्कशॉपचे आटे त्याचे स्वतःचे असत. व्हिटवर्थने ५५ अंशांचा आटा आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरावीक आटे अशी व्यवस्था लावून दिली. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने बनवायला सोपा असा ६० अंशांचा आटा मांडला. एकरूपता आता दोन झाल्या. दुसऱ्या महायुद्धात इकडच्या बोल्टला तिकडचा नट लागेना, म्हणून १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी युनिफाइड आटा मान्य केला. ही तिसरी. मेट्रिक धरल्यास चौथी. प्रमाण एक असते तेव्हा ते प्रमाण असते. चार असतात तेव्हा तो कॅटलॉग असतो.

आपल्याकडे १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला. तरी बांधकामावर १० मिमीच्या सळईला अजून तीन सूत म्हणतात, आणि तीन सूत म्हणजे ९.५२५ मिमी. स्लॅबमध्ये हा अर्ध्या मिलिमीटरचा मोठेपणा खपून जातो. स्पिंडलवर तेवढ्याच फरकाने चक एकतर चढत नाही किंवा चढून नाचतो.

खुद्द लेथचे माप काय, यावरही एकमत नाही. अमेरिकेत नऊ इंची लेथ म्हणजे ज्यावर नऊ इंच व्यासाचा जॉब फिरू शकतो तो. ब्रिटनमध्ये साडेतीन इंची लेथ म्हणजे ज्याचे सेंटर बेडपासून साडेतीन इंच उंच आहे तो. म्हणजे अमेरिकनाच्या भाषेत सात इंची. आणि आपल्याकडे सहा फुटी लेथ म्हणजे ज्याचा बेड सहा फूट लांब आहे तो. अमेरिकन माणूस व्यास सांगतो, ब्रिटिश त्रिज्या सांगतो आणि आपण लांबी सांगतो. तिघे एका टेबलाशी बसून तासभर लेथांबद्दल बोलू शकतील आणि कोणाचेही काही चुकणार नाही.

आता स्पिंडल नोजकडे वळू, कारण चक तिथे चढतो. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन गावी मायफर्ड कंपनीने १९४६ साली आणलेल्या एमएल७ लेथचा नोज १⅛ इंच व्यासाचा आणि इंचाला १२ आट्यांचा. अमेरिकेतल्या साउथ बेंडच्या ९ इंची लेथचा १½ इंच आणि ८ आट्यांचा. ऑस्ट्रियाच्या छोट्या युनिमॅटचा १२ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा. पुढे युनिमॅट ३ आला तेव्हा पिच तेच ठेवून व्यास १४ मिमी केला. म्हणजे एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांतही चकाची देवाणघेवाण राहिली नाही. मोठ्या लेथांवर आटे जाऊन कॅमलॉक आला: १:४ चा आखूड टेपर, चकाच्या पाठीत पिना, आणि चावीने फिरवून त्या पिना पकडणारे कॅम. डी१-४ ला तीन पिना, डी१-६ ला सहा. कॅमलॉकने आट्यांचा प्रश्न सोडवला आणि नंबरांचा निर्माण केला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत हे सगळे इतिहास एका छपराखाली नांदतात. १९४१ साली हरिहरला उभ्या राहिलेल्या म्हैसूर किर्लोस्करचा एक लेथ, १९५३ साली स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने सुरू झालेल्या बंगलोरच्या एचएमटीचा दुसरा, राजकोट किंवा बटाल्याहून ट्रकने आलेला सहा फुटी तिसरा. तिघांची कामे एक, मिस्त्री एक, आणि चक मात्र तीन.

राहिले विक्रेत्याचे वाक्य: "कुठल्याही लेथला बसतो." हे विधान खोटे नसते, अपुरे असते. "बसवल्यास" हे पद त्यात अध्याहृत असते, आणि बसवण्याचा खर्चही. हेच वाक्य कोल्हापूरचा मिस्त्री उच्चारतो तेव्हा त्याची जात बदलते. चक हातात घेऊन, फिरवून, पाठीतल्या खळग्यावरून अंगठा फिरवून तो म्हणतो, "बसतंय की, मालक." हे वस्तुस्थितीचे वर्णन नाही. हे वचन आहे. त्यात काळ दिलेला नसतो, म्हणून ते मोडलेही जात नाही.

लोप

लोप म्हणजे धातू काढणे. त्याचा पहिला नियम: दोघांपैकी जे स्वस्त, त्यातून धातू जावा. दुसरा नियम: गेलेला धातू परत येत नाही, म्हणून पहिला नियम पुन्हा वाचावा. परका चक चढत नाही म्हणून स्पिंडलच थोडा उतरवून घ्यावा, असा विचार ज्याच्या मनात येतो त्याच्या हातून लेथ काढून घ्यावा.

लोपाचे आदर्श क्षेत्र टूलपोस्टच्या तळाशी आहे. तिथे टी-स्लॉटमध्ये अडकणारा एक नट असतो. दोन लेथांचे स्लॉट सहसा सारखे नसतात, पण हा नट साध्या पोलादाचा असतो, कानशीने किंवा मिलिंगवर हवा तसा उतरवता येतो आणि बिघडला तर नवा करता येतो. ज्यावर प्रयोग करावा आणि कोणी रागावू नये, असा लेथवरचा हा बहुधा एकमेव भाग.

टूलपोस्टची उंची मात्र गंभीर बाब आहे. मोठ्या लेथचा टूलपोस्ट लहान लेथवर ठेवला की टूलचे टोक सेंटरच्या वर जाते. वर गेलेले टूल कापायचे सोडून घासू लागते. खाली गेलेले टूल फेसिंग करताना जॉबच्या मध्यभागी एक बारीक टोक शिल्लक ठेवते आणि ते दिसले की मिस्त्री काही न बोलता तुमच्याकडे बघतो. मोठा टूलपोस्ट लहान लेथला घ्यायचा तर त्याचा तळ मिलिंगवर उतरवावा लागतो. उतरवण्याइतका धातू खाली नसेल तर टूलच बारीक शँकचे घ्यावे. लहान टूलपोस्ट मोठ्या लेथवर नेताना लोपाची गरजच पडत नाही, आगम पुरतो. त्याकडे लवकरच येऊ.

स्टेडी हा मिश्र विधीचा विषय आहे. लांब जॉबला मधे आधार देणारी स्टेडी बेडवर बसते, आणि बेडच्या आकारात तडजोड नसते. साउथ बेंडच्या बेडवर उलट्या व्हीचे उंचवटे आहेत, मायफर्डचा बेड सपाट आहे. एकाची स्टेडी दुसऱ्यावर न्यायची तर तळाचा जुना आकार मिलिंगवर उडवायचा आणि खाली नव्या बेडला जुळणारी प्लेट बोल्टने जोडायची. आधी लोप, मग आगम. सुदैव असे की स्टेडीची तीन बोटे स्वतंत्रपणे सरकतात, त्यामुळे उंचीतला थोडाफार फरक ती मुकाट्याने पोटात घालतात. ज्या उपांगाला स्वतःचे समायोजन करता येते त्याचे पुनर्वसन सोपे जाते, हा या प्रकरणाचा पोटनियम. पुढे चकाच्या बाबतीत तो पुन्हा उपयोगी पडेल.

आगम

टूलखाली सरकवलेला करवतीच्या पात्याचा तुकडा हा आगमाचा आद्य प्रकार. पाते सुमारे ०.६ मिमी जाड असते, दात ग्राइंडरवर उडवले की दोन्ही बाजू सपाट मिळतात, आणि मोडलेल्या पात्यांचा पुरवठा कोणत्याही वर्कशॉपमध्ये कधी आटलेला नाही. या पॅकिंगच्या आधारावर देशातले किती जॉब मापात उतरले असतील याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि करू नये. देशाच्या औद्योगिक प्रतिमेला धक्का बसेल.

आगमाचा प्रगत प्रकार म्हणजे टेपर स्लीव्ह. येथे मोर्स टेपरची ओळख करून देणे भाग आहे. अमेरिकेच्या स्टीफन मोर्सने १८६० च्या दशकात ड्रिलची शेपटी निमुळती करून तशाच निमुळत्या भोकात ठोकण्याची पद्धत रूढ केली. उतार इतका मंद की नुसत्या घर्षणाने दोन्ही एकमेकांना धरून ठेवतात. मोर्स टेपर ० पासून ७ नंबरपर्यंत असतात. सगळ्यांचा उतार एकच असेल, असे कोणीही गृहीत धरील. तसे नाही. १ नंबरचा उतार १:२०.०४७, २ नंबरचा १:२०.०२०, ३ नंबरचा १:१९.९२२, ४ नंबरचा १:१९.२५४, ५ नंबरचा १:१९.००२ आणि ६ नंबरचा पुन्हा वळून १:१९.१८०. या आकड्यांत नियम शोधणाऱ्या अभ्यासकाने ० नंबरचा १:१९.२१२ पाहावा आणि शोध थांबवावा.

या अव्यवस्थेने एक माणूस व्यथित झाला होता. ब्राऊन अँड शार्प कंपनीतल्या ऑस्कर बीलने 'जार्नो' या टोपणनावाने एक टेपर सुचवला. उतार सर्व नंबरांना सरसकट १:२०. नंबरला ८ ने भागले की मोठ्या टोकाचा व्यास इंचात, १० ने भागले की लहान टोकाचा, २ ने भागले की लांबी. कोष्टक पाठ करायला नको, कॅटलॉग उघडायला नको. हा टेपर इतका निर्दोष होता की तो फारसा कोणी वापरला नाही. प्रत्येकाच्या टेलस्टॉकमध्ये तोवर मोर्स ठोकला गेला होता, आणि ठोकलेला टेपर निघायला जड जातो. सुसंगत व्यवस्था आणि रूढ व्यवस्था यांत निवड करायची वेळ आली की माणसे भोकाकडे बघून निर्णय घेतात.

आता स्लीव्हचे नियम. लहान शेपटी मोठ्या भोकात घालायची असेल तर स्लीव्ह आत नाहीशी होते: २ नंबरचे सेंटर, वर ४ नंबरची स्लीव्ह, आणि टेलस्टॉकला काही घडल्याचे कळतही नाही. मोठी शेपटी लहान भोकात घालायची असेल तर सॉकेट लागतो, आणि तो बाहेर राहतो. बाहेर राहिलेल्या लांबीचा दंड कडक आहे. तेवढ्याच जोराखाली दांड्याचे वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट, तर वाक आठपट. शिवाय प्रत्येक जोडाची स्वतःची थोडी थोडी चूक असते आणि जोड वाढले की चुकाही हात धरून येतात. आगमाला आगम, त्याला पुन्हा आगम, असे चालू ठेवल्यास जो दोष येतो त्याला नैयायिक अनवस्था म्हणतात. लेथवर तो कानांनी ओळखता येतो. जॉब किंचाळू लागतो.

प्रकृतिभाव

सुरुवातीला दिलेल्या क्रमाने हे प्रकरण शेवटी यायला हवे, पण आदेशाला भरपूर जागा लागणार असल्याने ते येथेच उरकतो. प्रकृतिभाव म्हणजे जुळवणीचा मोह आवरणे. चेंजगिअर हे त्याचे क्षेत्र.

जुन्या मायफर्डचे चेंजगिअर २० डीपीचे, म्हणजे व्यासाच्या इंचामागे २० दातांचे आहेत. मॉड्यूलच्या भाषेत ते १.२७ झाले. काही मेट्रिक लेथांवर १.२५ मॉड्यूलचे गिअर असतात. दोन गिअर शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि अनर्थ नेमका इथे सुरू होतो. मधले भोक लहान असेल तर बोअर करता येते, मोठे असेल तर बुश मारता येतो, चावीचा खाचा नवा पाडता येतो; म्हणजे लोप, आगम सगळे हात जोडून उभे असतात. पण दात बदलत नाहीत. त्यात एकाचा दाबकोन १४½ अंश आणि दुसऱ्याचा २० अंश. असे दोन गिअर फिरतात, पण गुरगुरत फिरतात, आणि गुरगुर थांबते तेव्हा एकाचे दात गेलेले असतात. अशा वेळी गिअर कपाटात ठेवावा. कपाट बंद करावे.

चेंजगिअरांत १२७ दातांच्या गिअरचे स्थान वेगळे. १९५९ च्या करारानुसार इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, त्याला पाचाने गुणले की १२७. इंची लीडस्क्रूवर नेमके मेट्रिक आटे कापायचे तर हा आकडा चुकवता येत नाही, कारण १२७ ही मूळ संख्या आहे. तिचे तुकडे करून लहान गिअरांत वाटता येत नाहीत. २० डीपीत या गिअरचा बाहेरचा व्यास ६.४५ इंच होतो. ज्या लेथवर जेमतेम सात इंचांचा जॉब फिरतो त्याच्या गिअरबॉक्सच्या झाकणाआड एवढे चाक मावायचे कुठे? म्हणून व्यवहारात ६३ आणि ८० दातांची जोडी लावतात. तिची चूक आठ हजारांत एक. १०० मिमी लांबीत साडेबारा मायक्रॉन. नट बसतो, बोल्ट बसतो, गिऱ्हाईक पैसे देतो. इंच आणि मिलिमीटर यांच्यातला दीडशे वर्षांचा वाद ६३ दातांच्या चाकावर इतक्या स्वस्तात मिटतो.

आदेश

चक आणि स्पिंडल यांच्यामध्ये बिडाची एक जाड तबकडी असते, ती बॅकप्लेट. तिच्या पाठीत स्पिंडलचे आटे असतात. तिच्या तोंडावर एक गोल पायरी असते आणि ती चकाच्या पाठीतल्या खळग्यात बसते. चक परका असेल तर जुनी बॅकप्लेट हाकलायची आणि आपल्या स्पिंडलचे आटे असलेली नवी तिच्या जागी आणायची. वैयाकरणांनी आदेशाला शत्रू म्हटले असले तरी चकाचे आणि स्पिंडलचे त्यात काहीच जात नाही. जुनी बॅकप्लेट तेवढी जाते, आणि तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

पहिला अडथळा तर्काचा आहे. बॅकप्लेट टर्न करायला ती चकात धरावी लागते, आणि चक लावायला बॅकप्लेट लागते. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात आणि असा दोष असलेले विधान सोडून देतात. टर्नरला तसे सोडून देता येत नाही. त्याच्याकडे दुसरा बसणारा चक असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तो बिडाचे कास्टिंग पिशवीत घालून शेजारच्या वर्कशॉपमध्ये जातो. अन्योन्याश्रयाचे निरसन शेजाऱ्याने होते, हे न्यायशास्त्राला प्रस्तुत प्रबंधाचे योगदान समजावे.

दुसरा अडथळा मापाचा. आतले आटे जुळले की नाही हे बघायचे तर बॅकप्लेट स्पिंडलवर फिरवून बघायला हवी. पण स्पिंडल त्या वेळी तिलाच चकात धरून फिरवत असतो. चकातून काढली तर पुन्हा त्याच मध्यावर धरली जाईल याची हमी नाही. म्हणून जाणता मिस्त्री आधी स्पिंडल नोजची हुबेहूब डमी टर्न करतो: तेच आटे, तोच खांदा, तोच व्यास. डमी खरी की खोटी हे लेथसोबत आलेल्या फेसप्लेटमध्ये फिरवून ठरवतो. मग बॅकप्लेट चकात असतानाच डमी तिच्यात घालून बघतो. चकासाठी बॅकप्लेट, बॅकप्लेटसाठी डमी, डमीसाठी फेसप्लेट. आणि जॉब अजून सुरू झालेला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आट्यांमुळे चक मध्यावर येतो असा समज सर्वत्र आहे. आट्यांचे काम फक्त ओढून धरण्याचे. मध्य साधतो तो आट्यांलगतचा गुळगुळीत दंडगोल, म्हणजे रजिस्टर. आणि चक डुलत नाही तो स्पिंडलच्या खांद्यामुळे. बॅकप्लेटची पाठ त्यावर सगळीकडून टेकली पाहिजे. आटे जरा सैल असले तर बिघडत नाही. फार घट्ट असले तर ते रजिस्टरशी भांडतात, आणि मध्य कुठे हे ठरवण्याचा ज्यांना अधिकार नाही ते तो ठरवू लागतात. खांद्यावर एक बारीक चिप राहिली, तरी सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून चक चढवण्यापूर्वी अनुभवी टर्नर खांद्यावरून बोट फिरवतो. चिंधी पुरत नाही, बोटच लागते.

आता मुख्य कृती. आटे आणि रजिस्टर तयार झाले की बॅकप्लेट उलटी करून स्वतःच्या स्पिंडलवर, तिच्या कायमच्या जागी चढवायची, आणि मगच तिचे तोंड आणि पुढची पायरी टर्न करायची. हा शेवटचा कट दुसरीकडे घेऊन चालत नाही. शेजाऱ्याचा लेथ कितीही भारी असो, तिथे पूर्ण करून आणलेली बॅकप्लेट आपल्या स्पिंडलवर थोडी तरी डुलते. उलट आपल्या स्पिंडलवर कापलेली पायरी, आट्यांत थोडे दोष असले तरी, खरी फिरते. कारण ज्या अक्षाभोवती तिला जन्मभर फिरायचे आहे त्याच अक्षाभोवती ती कापली गेली. अट एवढीच की दर वेळी ती त्याच खांद्यावर तशीच येऊन टेकावी.

पायरी चकाच्या खळग्यात किती घट्ट बसावी, यावर दोन पंथ आहेत. घट्टपंथीय म्हणतात, हाताने दाबल्यावर जेमतेम आत जावी, एका थाऊचाही, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचाही, खेळ नको. सैलपंथीय पायरी मुद्दाम काही थाऊ लहान ठेवतात, बोल्ट अर्धवट आवळतात, चकात एक सरळ टेस्ट बार धरून त्यावर डायल लावतात आणि नायलॉनच्या हातोडीने चकाला टपल्या मारत राहतात; काटा स्थिर झाला की बोल्ट पूर्ण आवळतात. घट्टपंथीयांच्या मते ही फसवणूक आहे. सैलपंथीय त्यावर उत्तर देत नाहीत, कारण तोवर त्यांचा जॉब निघालेला असतो. हा वाद ट्रू चकापुरता. डॉग चकाला दोन्ही पंथ अनावश्यक आहेत: प्रत्येक जॉब चार जबडे एकेक करून डायलवर मध्यात आणावा लागतो, त्यामुळे चक स्वतः थोडा बाजूला बसला असला तरी जॉबवर त्याचा परिणाम होत नाही. स्टेडीच्या वेळी सांगितलेला पोटनियम तो हाच. परका चक घ्यायचाच असेल तर डॉग चक घ्यावा, हा या प्रबंधातला एकमेव उपयुक्त सल्ला आहे आणि तो चुकून आला आहे.

एक इशारा राहिला. आट्यांवर चढवलेला चक सुलट फिरताना कापाच्या जोराने आवळत जातो, आणि लेथ झटक्यात उलटा फिरवला की तो सुटू शकतो. आठ इंची चक स्पिंडलवरून उतरून जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग अजून स्पिंडलचाच असतो. कॅमलॉक लोकप्रिय होण्यामागे जी अनेक कारणे आहेत त्यांत टर्नरच्या पायाची बोटे धरावीत.

निगमन

प्रमाणे चार आहेत, असे नैयायिक सांगतात. परक्या उपांगाच्या बाबतीत चारही हाताशी येतात. विक्रेता "बसतो" म्हणतो ते शब्दप्रमाण. कॅटलॉगमधली मापे जुळतात त्याअर्थी बसेल, हे अनुमान. शेजाऱ्याच्या तसल्याच लेथवर बसला होता, हे उपमान. आणि आपल्या स्पिंडलवर चढवून, डायल लावून, चक हाताने सावकाश फिरवून काट्याकडे बघणे, हे प्रत्यक्ष. पहिली तीन प्रमाणे खरेदीपूर्वी उपलब्ध असतात, चौथे खरेदीनंतर. वर्कशॉपमधल्या बहुतेक दुःखांचे मूळ या क्रमात आहे.

यावरून प्रबंधाचा सिद्धान्त असा निघतो की अचूकपणा वस्तूत नसतो, जोडीत असतो. चक कारखान्यातून प्रमाणपत्र घेऊन येतो, पण ते प्रमाणपत्र कारखान्यातल्या स्पिंडलवरचे असते. आपल्या लेथवर तो खरा फिरतो की नाही, हे आपल्या खांद्यावर, आपल्या रजिस्टरवर आणि आपण घेतलेल्या शेवटच्या कटावर अवलंबून असते. म्हणून अचूकपणा विकत आणता येत नाही. तो जागेवर टर्न करावा लागतो. महागड्या चकाखाली घाईची बॅकप्लेट लावणाऱ्याचा जॉब डुलतो, आणि भंगारातल्या चकाखाली जागेवर कापलेली बॅकप्लेट लावणाऱ्याचा डुलत नाही. पैशाचे गणित यात बसत नाही. चक किलोच्या भावाने मिळाला तरी कास्टिंग, टर्निंग, डमी, बोल्ट आणि मिस्त्रीचा वेळ धरल्यास तो नव्या चकाच्या आसपास पोहोचतो. तेव्हा हिशेब वहीत न लिहिणे हाच प्रघात आहे.

शेवटी एक उपसिद्धान्त. नवी बॅकप्लेट ज्या क्षणी एका स्पिंडलवर खरी ठरते, त्या क्षणी जगातल्या इतर सर्व लेथांच्या दृष्टीने ती परकी होते. म्हणजे एक न बसणारी वस्तू बसवताना आपण दुसरी न बसणारी वस्तू जन्माला घालतो, आणि जगातल्या न बसणाऱ्या वस्तूंची एकूण संख्या कायम राहते. याला उपांग-अक्षय्यतेचा नियम म्हणावे, अशी विद्वानांना सूचना आहे. नियमाला प्रबंधकाराचे नाव द्यायलाही हरकत नाही. नाव लांब वाटल्यास थोडा लोप करून घ्यावा.